बासष्ट पावलं: २६ जानेवारीच्या ग्रामसभेला खुलं पत्र

सरपंचताई, उपसरपंच भाऊ, पोलीस पाटील काका, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, आणि रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत थंडीत गस्त घालणाऱ्या माझ्या भावांनो, पुतण्यांनो,

सगळ्यांना नमस्कार.

येत्या २६ जानेवारीला ग्रामसभेत मांडायच्या ठरावाचा मसुदा परवा माझ्या फोनवर आला. गस्तीवरच्या बारा जणांसाठी बंदुकीचे परवाने मागायचे, खळ्यांभोवती आणि गोदामांभोवती रात्री तारेत करंट सोडायचा, आणि तिसरं कलम असं: 'चोर हाती लागल्यास जागेवरच हिशेब करावा व संपूर्ण गावाने एकजुटीने पाठीशी उभे राहावे.' पहिल्या दोन कलमांवर पुढे बोलते. तिसरं मात्र, हात जोडून सांगते, सभेपुढे येण्याआधीच खोडून टाका. तालुक्याच्या कोर्टात मी अठरा वर्षं वकिली करते, पण यातलं बरंचसं मी वकील होण्याच्या कितीतरी आधी शिकले, आपल्याच गावात, नववीत असताना.

तुमची भीती मला कळते. शेजारच्या गावात म्हाताऱ्या नवरा-बायकोला त्यांच्याच लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधून ठेवलं, कापसाचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, आणि आजीच्या गळ्यातली पोत नेली. त्या आजींना मी भेटून आले. मनगटावरचे व्रण अजून गेलेले नाहीत आणि दिवस मावळला की त्या दाराकडे पाठ करून बसत नाहीत. ठाणं आपल्यापासून २८ किलोमीटर. पावसाळ्यात नाल्याला पूर असला की तेही अंतर उरत नाही, रस्ताच उरत नाही. अशा गावाला 'पोलिसांवर विश्वास ठेवा' एवढंच सांगून कुणी घरी जाऊ लागलं, तर त्याला आपल्या रात्रींची कल्पना नाही असंच मी म्हणेन. आपलं रक्षण आपल्याला करावं लागणार आहे आणि कायदाही ते करू देतो. कुठवर करू देतो, ते नीट ऐकून घ्या.

१९९७ चा जानेवारी. नाल्याकडच्या आमच्या वावरात तूर सोंगून खळ्यावर आणली होती, अर्धी झोडून पोती भरली होती. बाबा जागलीला होते. रात्री दीडच्या सुमारास दोघं आले. एकानं पोतं उचललं, दुसऱ्यानं बाबांच्या खांद्यावर काठी हाणली. बाबांनी बंडीची उभारी, म्हणजे गाडीच्या कडेचा उभा दांडा, उपसली आणि काठीवाल्याच्या हातावर मारली. काठी पडली, दुसऱ्याच्या पाठीवरचं पोतंही पडलं, दोघं पळाले. बाबा थांबले नाहीत. मागे धावले. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, काठीवाल्याचा पाय अडखळला आणि मागून त्याच्या डोक्यात उभारी बसली. जिल्ह्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो गेला.

पंचनाम्यात खळ्यापासून धुऱ्यावरच्या रक्तापर्यंतचं अंतर लिहिलेलं आहे: बासष्ट पावलं.

सकाळी गाव गोळा झालं तेव्हा बाबांनी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. "तो पळून राह्यला व्हता, म्या मांगून हानली." खोटं त्यांना बोलताच येत नसे. हेच वाक्य पुढे चार साक्षीदारांनी कोर्टात सांगितलं, त्यातले दोघं आमचे सोयरे होते. त्यांचाही दोष नाही, ऐकलं ते त्यांनी सांगितलं.

आणि खांद्यावरचा वळ. काठीचा तो वळ मला अजून दिसतो. मानेपासून दंडापर्यंत, बोटभर जाड, काळा-निळा. पोलीस यायच्या आधी आईनं त्यावर तेल-हळद लावली, वरून बाबांनी सदरा घातला. वळ दवाखान्यात कुणी पाहिला नाही, कुणी कागदावर लिहिला नाही. आठ दिवसांनी तो पिवळा पडून गेला. 'आधी त्यानं मला मारलं' हे बाबांचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं, पण कोर्टात दाखवायला त्याचा एक कागद नव्हता. आज माझ्याकडे कुणी अशील आला की मी पहिला प्रश्न तोच विचारते: तुला कुठं लागलं, आणि ते कुणी लिहून घेतलं?

निकाल २००२ साली लागला. खुनाचं ३०२ कलम टिकलं नाही. जीव घेण्याचा हेतू नव्हता हे न्यायाधीशांनी मानलं. पण डोक्यावर असला घाव बसला तर माणूस मरू शकतो हे मारणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून ३०४ चा दुसरा भाग लागला. चार वर्षं सक्तमजुरी. वकिलाची फी, जामीन, तारखा यांत अडीच एकर गेलं. पहिल्या तारखेला गावातून जीपभर लोक आले होते, 'आम्ही पाठीशी आहोत' म्हणत. तिसऱ्या वर्षी आई एकटीच एसटीनं जायची. गाव वाईट होतं असं मी म्हणत नाही. डवरणी, फवारणी, वेचणी सोडून कोण किती तारखांना येणार? म्हणून ठरावातल्या त्या 'एकजुटीने पाठीशी' या शब्दांवर माझा जीव अडतो. खटला माणूस एकट्याच्या अंगावर झेलतो. ठरावाखालच्या सह्या त्याच्यासोबत कोठडीत जात नाहीत.

मेलेल्याची बायकोही तारखांना यायची. कडेवर दोन वर्षांचं पोर. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली एकच ओटा होता, त्याच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला ती. पाच वर्षं. एकदा पोराला उन्हाचा त्रास झाला तेव्हा आईनं तिला पाण्याची बाटली दिली होती. बोलल्या कधीच नाहीत.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आकडे बदलले, पण स्वसंरक्षणाचा गाभा तोच राहिला. जुनी ९६ ते १०६ कलमं आता ३४ ते ४४ झाली. आपल्या किंवा दुसऱ्याच्या देहाचं आणि मालमत्तेचं रक्षण करताना केलेली कृती गुन्हा नाही, असं ३४ आणि ३५ सांगतात. दुसऱ्याच्याही, हे ध्यानात घ्या. शेजाऱ्याच्या घरात दरोडा पडला आणि तुम्ही धावून गेलात, तर तो तुमचाही हक्क आहे.

समोरचा जिवावर उठला असेल, गंभीर इजा होईल अशी रास्त भीती असेल, बाईवर अत्याचार होत असेल, कुणाला पळवून नेत असतील, तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा बचाव करणाऱ्याच्या बाजूनं उभा राहतो. मालमत्तेसाठीही काही मोजक्या वेळी हा हक्क तिथवर जातो, ते ४१ व्या कलमात आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवलेल्या इमारतीला आग लावणं, आणि अशी चोरी की जिच्यात प्रतिकार केला नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती वाटावी. माल ठेवायची बांधलेली जागाही इथं घरात धरली जाते. म्हणजे सोयाबीनच्या गोदामाचं कुलूप रात्री फोडून आत शिरणं ही घरफोडी. पण उघड्या वावरातून कापूस वेचून नेणं, संत्र्याच्या बागेतून रात्री फळं उतरवणं, विहिरीवरच्या मोटारीचं केबल कापणं ही साधी चोरी. चोर बघून तुम्ही त्याला अडवू शकता, ढकलू शकता, गरजेपुरतं मारून माल सोडवू शकता. त्याचा जीव घेण्याचा हक्क तिथं नाही. वर्षभराचं पीक चोरीला जातं तेव्हा शेतकऱ्याला ते जिवाइतकंच वाटतं, मला माहीत आहे. कायद्याच्या तराजूत मात्र ते वेगळं आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

या सगळ्यावर ३७ व्या कलमाची वेसण आहे. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. दुसरी अट ऐकून घाबरू नका. दार फुटत असताना २८ किलोमीटरवरच्या ठाण्याची वाट पाहा असं कुठलंही कोर्ट म्हणत नाही, उलट हे अंतर तुमच्या बाजूचा पुरावा आहे. पण 'आज रात्री चोर येणार' अशी खबर संध्याकाळीच लागली आणि कुणाला न कळवता दहा जण कुऱ्हाडी घेऊन दबा धरून बसले, तर तीच अट तुमच्यावर उलटते.

सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात स्वसंरक्षणाची सूत्रं एकत्र मांडली. धोका रास्त वाटला पाहिजे, प्रत्यक्ष घाव बसेपर्यंत थांबायची गरज नाही. हल्ला झेलणाऱ्यानं वार मोजूनमापून करावा अशी अपेक्षा धरता येत नाही. भीतीच्या त्या क्षणी केलेलं काम सोन्याच्या तराजूत तोलू नये. आणि हा हक्क बचावासाठी आहे, बदला घेण्यासाठी नाही. हे सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर असलं, तरी ते सरकारी वकिलाइतकं जड नसतं. 'असं घडलं असणं जास्त संभवतं' एवढं दाखवलं तरी पुरतं. दिलासा मोठा आहे. तो मिळवायला हातात काहीतरी हवं, खांद्यावरच्या वळाचा एखादा कागद तरी.

मग बाबांचं काय चुकलं? खळ्यावर काठी बसली तेव्हा ती जबरी चोरी झाली. चोरी करताना मारलं की चोरीची जबरी चोरी होते. त्या क्षणी हातावरचा घाव वाईट जागी बसून तो माणूस तिथंच गेला असता, तरी माझ्या मते बाबा सुटले असते. पण जबरी चोरीतला हा हक्क मारहाण, अडवणूक किंवा तिची तात्काळ भीती चालू असेपर्यंतच चालतो. आज ते ४३ व्या कलमात आहे, तेव्हा १०५ व्या होतं. पोतं खळ्यावर पडलं, काठी पडली, माणसानं पाठ फिरवली. मालही परत आला होता आणि भीतीही संपली होती. पोतं घेऊन पळाले असते तर ते सोडवायला मागे धावणं हक्कात बसलं असतं, पण डोक्यात उभारी हाणणं तेव्हाही हक्कात बसलं नसतं. बाबांचा हक्क खळ्यावरच संपला. पुढची बासष्ट पावलं राग धावला.

गस्तीवरच्या पोरांनो, हे मुख्यतः तुमच्यासाठी आहे. तुमच्यातल्या कुणी मला विचारलं होतं, 'ताई, त्या वेळी डोकं कुठं चालतं?' खरं आहे, चालत नाही. म्हणूनच आधी ठरवून ठेवावं लागतं. पाठ दिसली की थांबायचं, हे रोज गस्तीला निघताना एकमेकांना मोठ्यानं सांगा. सवय लागली तर कदाचित हात थांबेल.

आता तारेच्या करंटवर येते. रानडुकरांसाठी आपल्या भागात किती जण मेन लाइनवर आकडा टाकून कुंपणात करंट सोडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वाघ मेले, गुरं मेली, आणि पहाटे वावराकडे निघालेली माणसंही मेली. तोच करंट चोरांसाठी खळ्याभोवती सोडायचा म्हणता. स्वसंरक्षण म्हणजे समोर धोका असताना माणसानं केलेला प्रतिकार. तार धोका बघत नाही. चोर, पाणी द्यायला निघालेला सालदार, बकरीमागं धावलेलं पोर, तिला सगळे सारखे. बिहारमधल्या एका माणसानं आपल्या संडासाच्या वाटेवर उघडी तांब्याची तार लावून तिच्यात करंट सोडला होता. शेजारणीच्या संडासाची भिंत पडली होती म्हणून ती त्याचा वापरायची. तारेला हात लागून ती मेली. 'ती न विचारता आत शिरली, मी माझ्या मालमत्तेचं रक्षण केलं' हा त्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयानं १९६३ साली फेटाळला आणि शिक्षा कायम ठेवली. आगंतुक झाला म्हणून माणूस कायद्याच्या बाहेर जात नाही, हा त्या निकालाचा अर्थ. चेरुबिन ग्रेगरी खटला म्हणून कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो शिकवतात. शिवाय आकडा टाकणं ही वीजचोरी, तो वेगळा गुन्हा. कुंपण हवंच असेल तर सौर झटका मशीन बसवा. तिचा झटका क्षणाचा असतो, जीव घेत नाही, आणि तार छेडली की भोंगा वाजेल अशीही मिळते. खळ्यावर तर मला तो भोंगाच जास्त कामाचा वाटतो.

बंदुकीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो, पोलिसांच्या अहवालानंतर, आणि माणसाच्या नावानं मिळतो. गस्तीच्या नावानं मिळत नाही. एकाची बंदूक दुसऱ्यानं गस्तीला नेली तर दोघंही अडकतात. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे, पण तो पिकाच्या रक्षणासाठी असतो, आणि निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात. हे सगळं पार पाडून कुणाला घ्यायचाच असेल तर तो त्याचा हक्क आहे, माझा विरोध नाही. माझा प्रश्न अंधाराचा आहे. बारा बोअरच्या काडतुसातले छर्रे पुढं पसरत जातात. आपल्या गल्लीत दोन बंड्या समोरासमोर जात नाहीत, भिंती मातीच्या, माणसं अंगणात खाटेवर झोपतात. बारा जण, पाच-सहा बॅटऱ्या, कुत्र्यांचा गोंधळ, आणि त्यात भेदरलेल्या विशीतल्या पोराच्या हातात भरलेली बंदूक. चोराच्या आधी आपलाच कुणी पडेल, ही भीती मला झोपू देत नाही. देशी कट्ट्याची भाषा कुणी करत असेल तर त्याला आजच थांबवा. विनापरवाना अग्निशस्त्र नुसतं बाळगण्यालाही २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. चोराला मारणं योग्य ठरलं तरी कट्ट्याचा गुन्हा वेगळा उभा राहतो.

मागच्या महिन्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण ठरावात त्याचा उल्लेख नाही म्हणून मी करते. रात्री एकच्या सुमारास फाट्याजवळ गस्तीनं मोटरसायकल अडवली. चालवणाऱ्याच्या डोक्याला मफलर गुंडाळलेला, मागे दोघी. तो घाबरून थांबेना. एकानं काठी मारली, ती हेडलाइटवर बसली. मागे बसलेली एक आपली आशाताई, गावची आशा सेविका, होती आणि मधली बाळंतपणासाठी निघालेली. काच फुटली एवढंच. वीतभर काठी इकडे पडली असती तर आज आपण ठरावावर बोलत नसतो.

काठी एकानं मारली, पण डोकं फुटलं असतं तर गुन्हा गस्तीवरच्या सगळ्यांवर दाखल झाला असता. पाच किंवा जास्त जण एका बेकायदा उद्देशानं जमले की एकाच्या कृत्याला सगळे जबाबदार, ही तरतूद जुन्या १४९ मध्ये होती आणि आता १९० मध्ये आहे. ठरावातलं तिसरं कलम तो उद्देश सह्या-शिक्क्यानिशी लिहून देतं. असा ठराव झाला तर सरकारी वकिलाला दुसरा पुरावा शोधावा लागणार नाही. मी सरकारी वकील असते तर खटल्याच्या पहिल्याच दिवशी तो वाचून दाखवला असता.

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती आणि आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेले पाच जण जमावानं ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. मारणाऱ्या प्रत्येकाला त्या घटकेला आपण गाव वाचवतो आहोत असंच वाटलं असणार. आपल्याकडं संशय आधी पारध्यांच्या बेड्याकडं, म्हणजे वस्तीकडं, जातो, हेही उघड बोलू या. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो शिक्का १९५२ साली कायद्यानं पुसला. परवाच्या बैठकीत 'बेड्यावर नजर ठेवा' असं कुणीतरी म्हणालं आणि एकानंही विचारलं नाही की कशावरून. मी विचारते आहे. बेड्यावरची तीन पोरं गस्तीत घ्या. रान त्यांच्याइतकं आपल्यातल्या कुणाला माहीत नाही.

चोर हाती लागला तर? धरा. डोळ्यांसमोर गंभीर गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिकही अटक करू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक-तपासाच्या नव्या कायद्याच्या, ४० व्या कलमाप्रमाणं त्याला विनाविलंब, आणि उशिरात उशिरा सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. ११२ ला फोन करा, वेळ लिहून ठेवा. बांधायची वेळ आली तर पळणार नाही एवढंच बांधा. पाणी द्या. जखमी असेल तर १०८ ची गाडी बोलवा, तो चोर असला तरी बोलवा. त्याचा जीव वाचला तर तुमचाही वाचतो, आणि गाडी तुम्हीच बोलावली होती ही नोंद पुढं तुमच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते. तुमच्यापैकी कुणाला ओरखडा जरी गेला असला तरी त्याच रात्री सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. हळद नंतर लावा.

आणि घरात चार-पाच जण हत्यारं घेऊन शिरले असतील, लेकरं झोपलेली असतील, तर पोत द्या, पैसे द्या. हक्क आहे म्हणून लढलंच पाहिजे असं नाही. पायातल्या चपला बघा, बोली ऐका, कोण कुणाला काय नावानं हाक मारतो ते लक्षात ठेवा. ते गेल्यावर कपाटाला, दाराला हात लावू नका, अंगण झाडू नका. आपल्या बाया सवयीनं पहाटे सडा टाकतात आणि पावलांचे ठसे जातात, श्वानपथक येऊन काय करणार?

माझी मागणी एवढीच: ठराव बदला. गस्त हवी, पण पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ६३-ब कलमाखालचं ग्रामसुरक्षा दल म्हणून. मग पोरांना ओळख मिळते, त्यांची नावं ठाण्याच्या वहीत असतात आणि बीट जमादाराला कुणाशी बोलायचं ते कळतं. देवळाचा आणि विहाराचा भोंगा दोन्ही गस्तीशी जोडा. सलग वाजला की सगळ्यांनी दिवे लावून अंगणात यायचं, एवढा एकच संकेत ठेवा. शिट्ट्या आणि चांगल्या बॅटऱ्यांसाठी ग्रामपंचायतीनं पैसे काढावेत, त्यातला पहिला हजार माझा. काठी असू द्या. कापसाचा चुकारा घरात ठेवू नका, व्यापाऱ्याकडून खात्यावरच घ्या. शेजारच्या गावातल्या त्या घरी रक्कम आहे हे चोरांना कसं कळलं याचा विचार केलात का? चुकारा मिळाला त्या दिवशी पारावर बोललं गेलं होतं. तूर-सोयाबीन वखार महामंडळाच्या गोदामात ठेवता येतं, पावतीवर बँक कर्जही देते, आणि खळ्यावरच्या जागलीच्या रात्री कमी होतात. आणि ठाणेदार साहेबांनाही सभेला बोलवा. तूर निघेपर्यंत आठवड्यातून तीन रात्री त्यांची गाडी फाट्यापर्यंत यावी अशी मागणी सगळ्यांनी मिळून, लेखी करू. ती मागताना आपला आवाज चढला तरी चालेल.

बाबा २०१६ साली गेले. शेवटच्या वर्षात ते त्या रात्रीबद्दल एकदाच बोलले. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "त्याचं पोट्टं आता किती मोठं झालं असन?" मी हिशेब करून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, कूस बदलली.

२६ तारखेला झेंडावंदनानंतर सभेला मी येते आहे. निकालाची नक्कल आणि त्यासोबतचा पंचनामा घेऊन येईन. बासष्टचा आकडा दुसऱ्या पानावर आहे. ज्यांना वाचायचा असेल त्यांनी सभा सुरू व्हायच्या आधी शाळेच्या व्हरांड्यात यावं. गस्तीवरच्या बाराही जणांनी यावंच, आणि आपल्या आयांनाही सोबत आणावं.

तुमची,
नाल्याकडच्या वावरवाल्यांची लेक